सातासमुद्रापलीकडचे आजा-आजी

दक्षिण अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ॲमेझॉनचे जंगल नाहीतर ब्राझीलचा फुटबॉल उभा राहतो. त्या खंडाच्या उत्तर किनाऱ्यावर सुरिनाम नावाचा एक छोटा देश आहे. तेथल्या एका नदीकाठच्या शेतकरी वस्तीत आजही आजोबांना 'आजा' आणि आजीला 'आजी' म्हणतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. २०२४ च्या सप्टेंबरात मी त्या वस्तीत बारा दिवस राहून आले. जे पाहिले, जे ऐकले, ते वाचकांपुढे आणि विशेषतः भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी रायगड जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माहेर महाड तालुक्यातले, सावित्री नदीच्या काठचे. माझा मुलगा नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये हेग शहरात राहतो. सूनबाईच्या बाळंतपणासाठी मी तेथे गेले होते. शेजारच्या घरात एक सत्तरीच्या बाई राहत. रंगाने, चेहऱ्याने, डोक्यावरून पदर घेण्याच्या लकबीने अगदी आपल्याकडच्या. त्यांची हिंदी मात्र कानाला वेगळीच लागे. मी त्यांना उत्तर प्रदेशच्या समजले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नाही बहीण, माझ्या आजाने हिंदुस्थान सोडला त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. मी सुरिनामची."

सुरिनाम ही डचांची वसाहत. २५ नोव्हेंबर १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला, आणि त्या आगेमागे तेथील जवळजवळ एक तृतीयांश लोक नेदरलँड्सला निघून आले. ह्या बाई त्यांतल्याच. आयुष्यभर परिचारिकेची नोकरी केली. त्यांचे धाकटे भाऊ मात्र वडिलांची शेती धरून मागे राहिले. बाई दरवर्षी महिनाभर भावाकडे जातात. मी त्यांना दीदी म्हणू लागले होते. एक दिवस दीदी म्हणाल्या, "यंदा तूही चल. माझ्या भावजयीला हिंदुस्थानातली बाई पाहायची आहे." मुलाने तिकीट काढून दिले आणि दोन म्हाताऱ्या निघालो.

खारेपाटासारखी जमीन

ॲमस्टरडॅमहून विमानाने नऊ तास. राजधानी पारामारिबो सुरिनाम नदीच्या काठी आहे. नदीवर २००० साली बांधलेला प्रचंड उंच पूल आहे. तो ओलांडला की कोमेवैने जिल्हा लागतो. कोमेवैने हेच तेथल्या नदीचेही नाव. ती पुढे जाऊन सुरिनाम नदीला मिळते. संगमावर डचांनी अठराव्या शतकात बांधलेला न्यू ॲमस्टरडॅम हा किल्ला आहे. आता तेथे संग्रहालय आहे. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे परदेशात आल्यासारखे वाटेना.

आणि जमीन पाहिली तेव्हा तर मी चकितच झाले. माझी निम्मी नोकरी पेण-अलिबागच्या खारेपाटात गेली. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटी लागली की उघाडीतून शेतातले पाणी खाडीत सोडायचे आणि भरती आली की दार बंद करायचे, ही रीत मी रोज पाहिलेली. कोमेवैनेत अगदी हेच! सगळा किनारा भरतीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली. नदीला लागून उंच बांध, बांधात दार, आत सरळ रेषेत खणलेले कालवे आणि कालव्यांच्या मध्ये उंच वाफे. दीदींचे भाऊ, त्यांना मी भैया म्हणे, पहाटे उठून आधी पाण्याकडे पाहायचे आणि मग आभाळाकडे. दार उघडण्याची वेळ घड्याळ ठरवत नाही, समुद्र ठरवतो. एकदा चुकले की पावसाचे पाणी वाफ्यात साचते आणि भाजीची मुळे कुजतात.

नदीचे पाणी मातकट. ॲमेझॉन नदी समुद्रात जो गाळ ओतते, तो सागरी प्रवाहाबरोबर वाहत ह्या किनाऱ्याला येऊन लागतो. शेकडो कोसांवरच्या डोंगरांची माती येथे बसते. म्हणून जमीन सुपीक, पण चिकणी. पावसाळ्यात पाय रुतला की चप्पल तेथेच राहते, असे भैया म्हणत. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळ्याचे दिवस होते.

शेतात काय नव्हते? हातभर लांब चवळीच्या शेंगा, कारली, वांगी, भेंडी, मिरची, अळू, केळी, संत्री, नारळ आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो कसावाचा कंद. आठवड्यातून दोनदा माल पारामारिबोच्या मंडईत जातो. शेंगांच्या जुड्या बांधायला मीही बसत असे. दुपारी वस्ती अगदी सामसूम. नदीवरून एखादी होडी फटफट करीत जाते, मशिदीची बांग ऐकू येते, कोठेतरी कुत्रे भुंकते, बस्स. संगमाजवळ होडीतून जाताना पाण्यावर डॉल्फिन मासे उसळताना दिसले. संध्याकाळी लालभडक बगळ्यांसारख्या पक्ष्यांचा थवा खारफुटीवर उतरला. ज्या भूमीत इतके रक्त सांडले ती इतकी शांत कशी, असा प्रश्न मात्र मला पुढे पडला.

हे कालवे कोणी खणले?

ह्या जमिनीचा इतिहास गुलामांपासून सुरू होतो. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी दलदलीत कमरेइतक्या चिखलात उभे राहून हे बांध घातले, हे कालवे खणले. ऊस, कॉफी, कोको आणि कापसाचे मळे उभे राहिले. मळ्यांची नावे ऐकावीत! एकाचे नाव 'रुस्ट एन वेर्क', म्हणजे विसावा आणि काम. दुसऱ्याचे 'झोर्ग एन होप', म्हणजे काळजी आणि आशा. विसावा मालकाचा आणि काम गुलामाचे, हे वेगळे सांगायला नको.

१ जुलै १८६३ रोजी डचांनी येथली गुलामगिरी रद्द केली. पण सुटलेल्या गुलामांना आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबण्याची सक्ती होती. ती १८७३ साली संपणार म्हटल्यावर मालकांना नवे हात हवे झाले. डच आणि ब्रिटिश सरकारांत १८७० साली करार झाला आणि हिंदुस्थानातून मजूर आणायचे ठरले. 'लालारुख' नावाचे पहिले जहाज २६ फेब्रुवारी १८७३ रोजी कलकत्त्याहून निघाले आणि ५ जून १८७३ रोजी पोहोचले. १९१६ पर्यंत ६४ जहाजांतून ३४ हजारांवर माणसे आली. बहुतेक सारी आजच्या उत्तर प्रदेशातली आणि बिहारमधली. त्यांच्या मागोमाग १८९० पासून जावा बेटातून साधारण ३३ हजार मजूर आले. आज कोमेवैनेत जावानी लोकांचीच संख्या जास्त आहे. भैयांचे शेजारी जावानीच.

मजूर मिळवून देणाऱ्या दलालाला 'अरकाटी' म्हणत. त्याने दुष्काळाने, कर्जाने आणि घरच्या छळाने गांजलेल्या माणसांना गाठावे आणि सांगावे, चला श्रीरामाच्या देशी. सुरिनामचे 'श्रीराम' करून भोळ्या लोकांना जहाजावर चढवले, ही आठवण तेथे घरोघरी सांगतात. करार पाच वर्षांचा. 'कॉन्ट्रॅक्ट'वर आलेला तो 'कंत्राकी'. पुरुषाला दिवसाला ६० सेंट, बाईला ४० सेंट. काम टाळले किंवा मळा सोडून गेला की तो फौजदारी गुन्हा होई आणि तुरुंगाची शिक्षा होई. गुलामगिरी गेली, वेठ राहिली.

टेटरी आणि मारियनबर्ग

भगिनींनो, एका बाईची हकीकत तुम्ही अवश्य ऐका. तिचे नाव जेनी टेटरी. बिहारकडची ही मुसलमान बाई कंत्राकी म्हणून आली आणि ह्याच जिल्ह्यात 'झोर्ग एन होप' मळ्यावर कामाला लागली. १८८४ साली तेथील मजुरांनी जुलमाविरुद्ध उठाव केला. त्यात बायका पुढे होत्या आणि टेटरी सर्वांत पुढे. सैनिकांनी गोळी घालून तिला ठार केले. पारामारिबोत ज्या जागी हिंदी मजुरांवर देखरेख करणाऱ्या एका डच अधिकाऱ्याचा पुतळा शंभरावर वर्षे उभा होता, तो हलवून २०१७ साली तेथे टेटरीचा पुतळा बसवण्यात आला. दीदींनी मला मुद्दाम तेथे नेले. मी बराच वेळ त्या बाईकडे पाहत उभी राहिले. शंभर-सव्वाशे वर्षे लागली, पण पुतळ्याची जागा बदलली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मारियनबर्गला गेलो. हा एकेकाळचा मोठा साखर कारखाना. १९८६ साली बंद पडला. आता नुसता गंजका सांगाडा उभा आहे. चाकांतून, धुराड्यांतून वेली वर चढल्या आहेत. जुलै १९०२ मध्ये मजुरी कापल्यामुळे येथल्या हिंदी मजुरांनी बंड केले. व्यवस्थापक जेम्स मेव्हर ह्याच्याविषयी मजुरांत दुसराही संताप होता, तो बायकांशी त्याच्या वागणुकीचा. २९ जुलैला मजुरांनी त्याला ठार मारले. दुसऱ्या दिवशी सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. १७ माणसे जागीच गेली, पुढे आणखी दगावली आणि मृतांचा आकडा २४ झाला. त्यांची प्रेते एकाच खड्ड्यात टाकून वर चुना ओतला. तेथे आता स्मारक आहे. २००६ साली त्याचे अनावरण झाले. स्मारकाजवळ भैयांनी पायांतली चप्पल काढली, म्हणून मीही काढली.

ते एक अक्षर

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट सांगते.

जहाजावर चढवताना प्रत्येक मजुराची नोंद होत असे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, ठाणे, जिल्हा आणि जात. ही दप्तरे जपून ठेवली गेली आणि आता संगणकावर आली आहेत. हेगमध्ये राहणाऱ्या भैयांच्या मुलीने आपल्या पणजोबांची नोंद शोधून तिची प्रत वडिलांना पाठवली होती. एका रात्री जेवणानंतर भैयांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो कागद काढला.

"बहीण," ते म्हणाले, "सगळे वाचले. गाव कळले, जहाज कळले, मळा कळला. ही एक ओळ कळत नाही. पंडितजींना विचारले तर ते दुसऱ्याच विषयावर बोलू लागले. तुम्ही तिकडच्या आहात, तुम्ही सांगा. हा शब्द म्हणजे काय?"

जातीच्या रकान्यात लिहिले होते: चमार.

माझ्या घशात आवंढा आला. मी त्या माणसाकडे पाहिले. पंधरा एकरांचा धनी. स्वतःच्या घराच्या ओट्यावर ताठ बसलेला. सत्तरीला टेकलेल्या ह्या माणसाला आयुष्यात त्या शब्दाने कोणी हाक मारली नव्हती, त्या शब्दासाठी कोणी हटकले नव्हते. त्याला त्याचा अर्थच माहीत नव्हता. आणि तो विचारीत कोणाला होता? जिच्या आजोबांना गावात जन्मभर नावापेक्षा जातीनेच हाक मारली गेली, तिला.

मी सांगितले. चामडे कमावणारे, मेलेले ढोर ओढणारे, गावाबाहेर राहणारे, विहिरीला हात न लावू दिलेले. मग माझेही सांगितले. आमची जात महार. माझे आजोबा वतनदार महार म्हणवत, म्हणजे गावाची आणि सरकारची हवी ती कामे रात्रंदिवस करायची आणि बदल्यात जमिनीचा एक तुकडा आणि दारोदारची शिळी भाकरी घ्यायची. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या मागे जे पाणी प्याले, त्यांत आजोबा होते. १९२८ साली बाबासाहेबांनी ही वतनाची वेठ मोडण्यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडले. हेही सांगितले. भैया कान देऊन ऐकत होते. दीदी मधूनमधून डचमध्ये समजावून देत होत्या.

सांगून झाल्यावर कोणी काही बोलेना. मग भैया म्हणाले, "आजीने हे कधी काढले नाही. आम्हीही कधी विचारले नाही."

इतका वेळ भावजय आतबाहेर करीत होत्या. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्या आजाच्या कागदावर ठाकूर लिहिले आहे. म्हणजे पंचेचाळीस वर्षे मी ह्यांच्याबरोबर ताटाला ताट लावून जेवले, ते तिकडे चालले नसते?"

मी म्हटले, "नसते चालले, भाभी. काही गावांत आजही चालत नाही. अशा लग्नापायी आजही खून पडतात."

त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग "बरे झाले आजा बोटीत बसला" असे म्हणून उडदाच्या बाऱ्यांची परात त्यांनी पुन्हा सर्वांपुढे फिरवली. बारा म्हणजे आपला वडाच, पण त्यात अळूची पाने चिरून घातलेली. मी तिसरा घेतला. कागद पुन्हा पिशवीत गेला.

जात कोठे गेली?

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या जिच्याशी झुंजतो आहोत ती जात ह्या माणसांच्या अंगावरून गळून कशी पडली? तेथे कोणी महात्मा झाला नाही. कोणाचे मनपरिवर्तन झाले नाही. मग काय झाले?

पुढच्या दिवसांत मी दीदींना, भैयांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारीत गेले आणि डोळ्यांनी पाहत गेले. मला जे उमगले ते असे.

पहिली गोष्ट जहाजाची. तीन महिने एकाच भटारखान्यातले अन्न, एकाच पिंपातले पाणी. कोणाला शिवायचे आणि कोणाला नाही? एका जहाजातून आलेले एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत आणि हे नाते रक्ताच्या नात्यासारखे पाळत. दुसरी गोष्ट मळ्याची. तेथे ऊस तोडायचा तो ब्राह्मणानेही आणि चमारानेही, दर एकच, मुकादमाची शिवी एकच. जातीचा धंदाच उरला नाही. तिसरी गोष्ट लग्नाची. जहाजांतून बायका पुरुषांच्या मानाने फार कमी आल्या. जात पाहत बसणाऱ्याला बिनलग्नाचे राहावे लागले असते. जी भेटली तिच्याशी संसार केला आणि मुलांची जात कोणती, हा प्रश्न विचारायला कोणी उरला नाही.

पण ह्या तीन गोष्टींनी काम पुरे झाले असते असे मला वाटत नाही. करार संपल्यावर ही माणसे पुन्हा कोणाच्या तरी दारात उभी राहिली असती, तर जुने सारे परतले असते. चौथी गोष्ट घडली ती जमिनीची. परतीचे भाडे सोडून येथेच राहणाऱ्या मजुराला सरकारने १८९५ पासून शंभर गिल्डर आणि जमिनीचा तुकडा द्यायला सुरुवात केली. सरकारला शेतकरी हवे होते म्हणून दिले, दया म्हणून नव्हे. साधारण एक तृतीयांश मजूर हिंदुस्थानात परतले. बाकीचे राहिले आणि नांगर धरला.

आणि जमीन वाटली कशी, तेही पाहा. सरळ कालवा, कालव्याला लागून रस्ता, रस्त्याला लागून एकासारखे एक लांबट पट्टे. पट्ट्याच्या तोंडाशी घर, मागे शेत. ह्या घरापुढे ते घर, त्या घरापुढे ते. दोन मैल चालत गेले तरी वस्तीचा मध्य सापडत नाही. मध्यच नाही म्हणून कडाही नाही. येथे गावकूस नाही, तर गावकुसाबाहेर कोण राहणार? पाण्याचेही तसेच. प्रत्येक घराच्या छपराला पन्हळी आणि खाली मोठी काळी टाकी. पावसाचे पाणी ज्याचे त्याच्या टाकीत. सामाईक विहीर नाही, म्हणून विहिरीवरचा पहारा नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्यांची स्तुती करणाऱ्यांना खडसावले होते. खेडे म्हणजे अज्ञानाचे, संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तो मी शाळेत अनेकदा सांगितला. पण खेडे ह्याहून वेगळ्या तऱ्हेनेही वसवता येते, नांगर तोच, पीक तेच, माणसे तीच, फक्त उतरंड काढून टाकायची, हे मी कोमेवैनेत डोळ्यांनी पाहिले. जात आपल्या रक्तात नाही. ती घरांच्या मांडणीत आहे, पाणवठ्यात आहे, सातबाऱ्यात आहे, सोयरिकीत आहे. तेथून उपटली तर तीन पिढ्यांत तिचा अर्थ विचारावा लागतो.

सगळेच गोड नाही

वाचकांनी असे मात्र समजू नये की तेथे समतेचे राज्य अवतरले आहे. सनातनी हिंदूंत पूजा सांगण्याचा मान पुष्कळ काळ ब्राह्मण घराण्यांकडेच राहिला. १९३० च्या आसपास आर्य समाजाने जन्मावरून पुरोहित ठरवण्याला आव्हान दिले, तेव्हा घराघरांत वाद झाले. जात गेली तरी वंशाचा भेद राहिला आहे. दीदींच्या चुलतबहिणीने काळ्या मुलाशी लग्न केले, तेव्हा बापाने तिचे तोंड पाहणे सोडले. नातू झाल्यावर पुन्हा बोलणे सुरू झाले. राजकीय पक्षही बराच काळ हिंदुस्थानी, काळे आणि जावानी असे वंशावरच उभे राहिले.

आणि ज्यांनी हे कालवे खणले त्यांचे काय? १ जुलै हा दिवस तेथे 'केती कोती' म्हणून पाळतात, म्हणजे बेड्या तुटल्या. गुलामाच्या पोटी जन्मलेल्या बापाचा मुलगा अँटोन दे कोम १९३३ साली पारामारिबोत आला. वडिलांच्या अंगणात टेबल मांडून तो मजुरांच्या तक्रारी लिहून घेऊ लागला. काळे, हिंदुस्थानी, जावानी सारे त्याच्याकडे येत. सरकारने त्याला तुरुंगात घातले. लोक त्याच्या सुटकेसाठी जमले तेव्हा ७ फेब्रुवारी १९३३ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन माणसे मेली. त्याला देशाबाहेर काढले. पुढे जर्मनांविरुद्ध लढताना तो पकडला गेला आणि १९४५ साली छळछावणीत मरण पावला. देशाच्या विद्यापीठाला आज त्याचेच नाव आहे. गुलामगिरीबद्दल डच सरकारने १९ डिसेंबर २०२२ रोजी आणि तेथील राजाने १ जुलै २०२३ रोजी माफी मागितली. निघायच्या आदल्या दिवशी कालव्याकाठी उभ्या असलेल्या भैयांना मी म्हटले, "हे तुमच्या आजाने खणले नाहीत." ते म्हणाले, "ठाऊक आहे. आमच्या मास्तरांनी शाळेत सांगितले होते. मास्तर काळेच होते."

भैयांची तिन्ही मुले नेदरलँड्समध्ये आहेत. गुडघे दुखतात. बांधाचे दार उचलायला आता शेजारचा जावानी मुलगा मदतीला येतो. पुढे ही शेती कोण करील, असे विचारले तर ते त्या मुलाकडे बोट दाखवतात. समुद्र वर चढतो आहे, बांध दरसाल उंच करावा लागतो, हीदेखील एक काळजी आहे.

वाचकहो, आपली माणसे बोटीत बसली नाहीत. ती येथेच राहिली, येथेच लढली. आपण हे तळ्यावर, कायदेमंडळात, शाळेत आणि शेवटी दीक्षाभूमीवर मिळवले, आणि ते अजून पुरे मिळालेले नाही. पण एका बाबतीत कोमेवैनेच्या लोकांकडून घेण्यासारखे आहे. त्यांनी आपल्या आजा-आजीचा एकेक कागद शोधून काढला. नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. आपल्या घरांत किती जणांना पणजीचे नाव सांगता येईल? ती कोणत्या गावची, कोणाच्या शेतात राबली, महाडला गेली होती की नागपूरला? म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. एक वही घ्या, तारीख टाका आणि लिहून ठेवा. जातीचाही रकाना ठेवा. पुढे कोणा पणतूला त्याचा अर्थ विचारावा लागला, तर आपले काम झाले असे समजू.